पाऊस किती झाला?

पावसाविषयी मत देण्यास कोणाची अनुज्ञा लागत नाही. राजकारणावर बोलताना मनुष्य क्षणभर आजूबाजूस पाहून घेतो. परंतु आभाळाकडे बोट दाखवून ‘आज काही खरे नाही’ असे म्हणताना त्यास कसलीच भीती वाटत नाही. मे महिना संपत आला, की आमच्या बेळगावात गणपत गल्लीतील दुकानांच्या पायऱ्यांवर, बसस्थानकावर, दूध घालावयास आलेल्या मंडळींच्या घोळक्यात आणि अलीकडे प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलवर हाच एक विषय चालू असतो. केरळात पाऊस उतरला काय, गोव्यास पोहोचला काय, आंबोलीच्या घाटात धुके दाटले काय, राकसकोप जलाशयाचे पाणी किती फुटांवर आले, यंदा मृगाचे वाहन कोणते! ही चर्चा आम्हांस मनापासून आवडते. ती चालू असताना धनिक-निर्धन, मराठी-कानडी, शहाणा-अडाणी असा भेद उरत नाही. सत्तरीतील आजोबा आणि सातवीतला नातू दोघेही तितक्याच अधिकाराने बोलत असतात.

परंतु ह्या चर्चेत एक प्रश्न विचारून पाहावा: काल पाऊस किती झाला? लगेच उत्तरे येतात. ‘लई झाला.’ ‘रात्रभर धो धो लागला होता.’ ‘आमच्याकडे नुसताच शिंतडला.’ ‘गटार तुंबेपर्यंत.’ ह्यांपैकी एकही उत्तर खोटे नसते. आणि एकही उत्तर उत्तर नसते. किती मिलिमीटर, हे कोणासच ठाऊक नसते. उद्याच्या पावसाविषयी ठामपणे बोलणारी मंडळी कालच्या पावसाविषयी इतकी मोघम का असावीत, ह्याचे आम्हांस नवल वाटते. ज्यास काल काय घडले हे सांगता येत नाही, त्याने उद्याचा अंदाज चुकला म्हणून वेधशाळेस दूषणे द्यावीत, हा न्याय आम्हांस मान्य नाही. प्रत्येक शाळेत पर्जन्यमापक असावा, त्याची नोंद विद्यार्थ्यांनी रोज ठेवावी, आणि गावाने पावसाविषयी बोलताना त्या नोंदीचा आधार घ्यावा, असे आमचे मत आहे.

ही मागणी कोणास पोरखेळ वाटेल. म्हणून तिची खरी निकड कोठे आहे, ते आधी सांगतो. आमच्या वर्गांतील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी थोडीबहुत शेती आहे. बेळगाव-खानापूर पट्ट्यात भाताची धूळवाफ पेरणी करण्याची रीत जुनी आहे. पाऊस येण्यापूर्वीच कोरड्या मातीत बी टाकावयाचे आणि पुढे आभाळावर हवाला ठेवावयाचा. सोयाबीन, भुईमूग ह्या पिकांची गोष्ट निराळी. तेथे जमीन पुरती भिजल्यावाचून बी टाकणे हा जुगार होय. वळवाच्या एखाद्या सरीने वरची दोन बोटे माती ओली होते, शेजाऱ्याने तिफण जुंपलेली दिसते, मनुष्य अधीर होतो आणि पेरून बसतो. मग पंधरा दिवस आभाळ कोरडे राहते, उगवलेले कोंब करपतात आणि दुबार पेरणी येते. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचा पैसा पुन्हा, खताचा पुन्हा, मजुरीचा पुन्हा. तो पैसा बहुधा कर्जाऊच आणावा लागतो. त्या वर्षी त्या घरातील मुलाच्या सहलीचे आणि मुलीच्या शिकवणीचे काय होते, हे शिक्षकांस विचारावे.

ह्यावर कृषी खात्याचा आणि कृषी विद्यापीठांचा दरवर्षीचा उपदेश असा, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणीची घाई करू नये. उपदेश उत्तम आहे. परंतु ७५ मिलिमीटर झाले, हे शेतकऱ्याने ओळखावे कसे? त्याच्या घरी मापक नाही, शेजाऱ्याच्या घरी नाही, शाळेत नाही. डॉक्टराने ताप एकशे दोन अंशांवर गेला तर औषध द्यावे असे सांगावे आणि घरात तापमापक असू नये, तशातली ही गत आहे.

येथे एक आक्षेप योग्य आहे, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. कर्नाटक राज्यात नैसर्गिक आपत्तींवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र केंद्र आहे. १९८८ साली अवर्षणावर लक्ष ठेवण्यासाठी एक कक्ष निघाला, त्याचेच हे वाढलेले रूप. ह्या केंद्राने ग्रामपंचायतींच्या पातळीवर सहा हजारांहून अधिक स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले असून ते दर पंधरा मिनिटांनी आपली नोंद आपोआप बंगळूरास धाडतात. असे जाळे फार थोड्या प्रदेशांत असेल आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. मग शाळेने पुन्हा वेगळे मापक कशास बसवावे? आमचे उत्तर असे, की यंत्र माहिती गोळा करते, परंतु गावास मोजण्याची सवय लावीत नाही. पंचायतीच्या छपरावरील तो पांढरा खांब कशाचा, असे विचारले तर दहांतील आठ मुले टॉवर म्हणून सांगतील. ज्या मुलाने स्वतः नरसाळ्याखालचे पाणी ओतून, डोळा पाण्याच्या पातळीस आणून ‘तेवीस’ असे वहीत लिहिले आहे, त्याला सरकारी आकडा वाचावासा वाटेल, समजेल, आणि तो चुकीचा वाटला तर तसे विचारण्याचे धैर्यही येईल.

आता आमच्या भूगोलाकडे वळू. ह्या बाबतीत बेळगाव जिल्ह्याइतका विलक्षण प्रदेश शोधावा लागेल. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर आंबोली. तेथे वर्षास सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस. खानापूर तालुक्यात कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते, तेथेही आषाढात सूर्यदर्शन दुर्लभ. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर, घाटाच्या किंचित अलीकडे. येथे १,२०० ते १,३०० मिलिमीटर. आणि पूर्वेस अथणीकडे जावे, तो हा आकडा सहाशेच्या आसपास येऊन ठेपतो. म्हणजे एकाच जिल्ह्यात एका टोकास छत्री चार महिने वाळत नाही आणि दुसऱ्या टोकास ती दिवाळीपर्यंत घडी मोडल्यावाचून राहते. वारा तोच, ढगही तेच; परंतु समुद्रावरून आलेली बाष्पयुक्त हवा घाट चढताना वर जाते, थंड होते आणि आपले ओझे तेथेच टाकते. पलीकडे उतरते ती रिकाम्या हातांनी. हे भूगोलाच्या पुस्तकात ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ ह्या नावाखाली दोन ओळींत संपते, परंतु आमच्या जिल्ह्यात ते एका दिवसाच्या बसप्रवासात डोळ्यांनी पाहावयास मिळते.

आणि गंमत अशी, की हवामान खात्याने देशाचे जे ३६ उपविभाग पाडले आहेत, त्यांत आम्ही ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ ह्या विभागात मोडतो. विजापूर, गुलबर्गा, बीदर ह्या कोरड्या जिल्ह्यांच्या पंगतीस. मराठी बातम्या ऐकणारी आमची मंडळी मात्र ‘कोल्हापूर, सांगली येथे जोरदार पाऊस’ हे ऐकतात, मग ‘गोव्यात इशारा’ हे ऐकतात आणि मधल्या आपल्या गावास काय वाट्याला येईल ते त्रैराशिकाने काढतात! आता जिल्हावार अंदाज मिळू लागले आहेत, हे खरे. परंतु ज्या जिल्ह्यात ६०० आणि काही हजार हे दोन्ही आकडे नांदतात, त्या जिल्ह्याचा एकच अंदाज खानापूरकरास आणि अथणीकरास सारखा लागू पडेल, अशी अपेक्षा करणे हा अंदाज करणाऱ्यावर अन्याय आहे.

पाऊस किती स्थानिक असू शकतो, ह्याचा दाखला म्हणून मुंबईचा २६ जुलै २००५ हा दिवस आठवावा. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहरात दक्षिणेस कुलाब्यास केवळ ७३ मिलिमीटर! सांताक्रूझला मापक नसता आणि केवळ कुलाब्याच्या नोंदीवर इतिहास लिहावा लागला असता, तर त्या दिवशी मुंबईत साधा पाऊस झाला, असे भावी पिढ्यांस वाचावे लागले असते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स ह्या गावी जुलै १९९७ मध्ये असाच प्रसंग ओढवला. गावाच्या एका बाजूस पुराने माणसे दगावली आणि दुसऱ्या बाजूस पाऊस बेताचाच होता. त्या अनुभवातून तेथील विद्यापीठातल्या हवामानतज्ज्ञांनी १९९८ साली घरोघरच्या हौशी लोकांस साधे मापक ठेवावयास लावून रोजच्या नोंदी एकत्र करण्यास आरंभ केला. आज त्या उपक्रमात हजारो लोक आहेत, आणि तेथील वेधशाळा त्यांच्या नोंदी उपयोगात आणतात.

हौशी मंडळींचे हे कार्य तिकडे नवे नाही. इंग्लंडात जॉर्ज सायमन्स नामक गृहस्थाने १८६० साली पावसाच्या नोंदी गोळा करण्यास प्रारंभ केला. पहिल्या वर्षी १६८ ठिकाणांच्या नोंदी त्यास मिळाल्या. १९०० साली तो वारला तेव्हा हा आकडा तीन हजारांच्या पलीकडे गेला होता. नोंदी ठेवणारे कोण होते? पाद्री, शाळामास्तर, जमीनदार, बागवान. आमच्याकडील जुन्या सरकारी पर्जन्यमापकास अजूनही ‘सायमन्सचे मापक’ म्हणतात, ते ह्याच गृहस्थाच्या नावावरून.

परंतु पाऊस मोजणे ही केवळ साहेबाची विद्या, असा समज कोणी करून घेऊ नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या अधिकाऱ्याने पाऊस मोजण्यासाठी एक हात रुंद तोंडाचे कुंड ठेवावे असे सांगितले आहे, आणि प्रदेशवार पावसाची मापे द्रोणांत दिली आहेत: अश्मकात साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस, आणि अपरान्तात, म्हणजे आमच्या घाटाखालच्या कोकणात, ‘अमित’. मोजता न येण्याइतका! कोकणचा पाऊस पाहून त्या जुन्या हिशेबनिसानेही हात टेकले, हे वाचून आंबोलीच्या पायथ्याशी राहणाऱ्या कोणासही हसू येईल. ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की हे काम ज्योतिषाकडे न सोपविता कोठाराच्या अधिकाऱ्याकडे सोपविले होते. धान्याचा हिशेब ज्याच्याकडे, पावसाचा हिशेबही त्याच्याकडे.

ह्यावरून नक्षत्रांचा विषय ओघानेच येतो. मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा, हत्ती ही नावे आमच्या भाषेतील संपत्ती आहे, आणि ती टाकून द्यावी असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते एक सोयीचे पंचांग आहे: सुमारे तेरा-चौदा दिवसांचा एक एक कप्पा, आणि प्रत्येक कप्प्यात करावयाची कामे ठरलेली. इंग्रजी महिन्यापेक्षा हा कप्पा शेतीस अधिक जवळचा. परंतु वाहन बेडूक म्हणून पाऊस पुष्कळ आणि वाहन दुसरे म्हणून कमी, हे आम्ही मानीत नाही. त्याचे कारण श्रद्धा-अश्रद्धेचे नसून गणिताचे आहे. वाहन गणिताने काढतात, आणि ते सगळ्या प्रदेशास एकच निघते; अथणीस जो बेडूक, तोच आंबोलीसही. दुसरे असे, की आपले नक्षत्रांचे वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. हा फरक सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवसाचा होतो. आज सूर्य मृगात ७ किंवा ८ जूनच्या सुमारास प्रवेश करतो. वराहमिहिराच्या काळी, म्हणजे सहाव्या शतकात, ऋतूंच्या हिशेबाने तो सुमारे तीन आठवडे आधी प्रवेश करीत असे. तेव्हा मृग निघाला तरी पाऊस घाटावर पोहोचण्यास पुष्कळ अवकाश असणार. आणखी काही शतकांनी मृगाचा प्रवेश जूनच्या मध्यास जाईल. पाऊस नक्षत्राच्या मागे चालत नाही. तो सूर्याच्या उत्तरायणाने तापलेल्या जमिनीच्या आणि समुद्राच्या मागे चालतो. स्वतः वराहमिहिराने ढग, वारा, विद्युत् ह्यांचे निरीक्षण करून पावसाचे अनुमान कसे करावे, ह्यावर बृहत्संहितेत अध्याय लिहिले. त्याचे नाव घेणाऱ्यांनी त्याची निरीक्षणाची खोड तेवढी उचलावी, असे आम्हांस वाटते.

आता वेधशाळेच्या अंदाजांविषयी. त्यांची थट्टा करणे हा आमच्याकडे सर्वमान्य विनोद आहे. ‘वेधशाळेने पाऊस सांगितला, आता कपडे वाळत घालण्यास हरकत नाही’ असे म्हटले की सर्व हसतात. ह्या थट्टेस आधार नाही असे नाही. २००२ साली देशात पावसाळा सामान्य राहील, सरासरीच्या १०१ टक्के पाऊस होईल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात जुलै महिना जवळजवळ अर्धा कोरडा गेला आणि वर्ष दुष्काळाचे ठरले. ह्याच्या उलट बाजूही आहे. १९९९ साली ओरिसावर आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्याच किनाऱ्यावर २०१३ साली ‘फायलिन’ हे तसेच प्रचंड वादळ आले, तेव्हा वेळेवर मिळालेल्या इशाऱ्यांमुळे आणि प्रशासनाच्या तत्परतेमुळे लक्षावधी लोक आधीच सुरक्षित स्थळी हलविले गेले आणि मृतांची संख्या शंभराच्याही पुष्कळ खाली राहिली. पहिल्या गोष्टीवर हसणाऱ्याने दुसरी गोष्टही लक्षात ठेवावी.

थट्टेचे मोठे कारण असे, की अंदाजाची भाषा आम्ही वाचतो, परंतु तिचा अर्थ जाणून घेत नाही. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ हे शब्द कोणा कारकुनाने अंग राखण्यासाठी योजले आहेत, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः त्यांस मोजमाप आहे. विभागातील एकूण नोंदणी-केंद्रांपैकी चतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक’. चतुर्थांशाहून अधिक पण निम्म्यापर्यंत असेल तर ‘काही ठिकाणी’. त्यापुढे पाऊणपर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’. आणि त्याहून अधिक तर ‘बहुतांश ठिकाणी’. तसेच ‘जोरदार’ म्हणजे मनास वाटेल तितका नव्हे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरांपासून पुढे तो जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार. इशाऱ्याच्या रंगांचेही तसेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. आमच्या विद्यार्थ्यांत मात्र ह्या रंगांचा एकच अर्थ रूढ आहे: उद्या सुटी आहे की नाही! कलेक्टरसाहेबांच्या आदेशाची वाट पाहत रात्री अकरापर्यंत जागणारी मुले आम्हांस ठाऊक आहेत. त्यांच्या जिज्ञासेचे आम्हांस कौतुकच वाटते, फक्त ती थोडी दुसरीकडे वळावी, एवढेच.

‘तुरळक ठिकाणी पाऊस’ असा अंदाज असून आमच्या अंगणात थेंबही पडला नाही, तर अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. तो बरोबर की चूक हे ठरवावयाचे, तर दहा-वीस अंगणांत काय झाले ते कळले पाहिजे. खानापूर, नंदगड, उचगाव, येळ्ळूर, निपाणी, चिकोडी, अथणी, येथील शाळांनी आपापला आकडा रोज सकाळी एकमेकांस कळविला, तर ही परीक्षा दहावीतील मुलेही घेऊ शकतील. मोबाईलने हे काम फुकट आणि क्षणात होते. शाळाशाळांत वक्तृत्वाच्या स्पर्धा होतात, कबड्डीच्या होतात. ही स्पर्धा नव्हे, देवघेव आहे, आणि तिला चषकही लागत नाही.

त्याच मोबाईलवरून जे दुसरे काही येते, त्याविषयी मात्र कठोर बोलणे प्राप्त आहे. पावसाळ्यात ‘येत्या अमुक तारखेस ढगफुटी’, ‘पुढील ७२ तास बाहेर पडू नका’, ‘धरणाचे सर्व दरवाजे उघडले’ असे निनावी संदेश गावोगाव फिरतात. ते कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणत्या गावासाठी लिहिले, काही कळत नाही; पुष्कळदा ते मागच्या वर्षीचे किंवा दुसऱ्याच राज्यातले असतात. ऑगस्ट २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांस ही गोष्ट हलकी वाटणार नाही. त्या वेळी कोल्हापूर-सांगलीप्रमाणे आमच्या जिल्ह्यातही कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा आणि मार्कंडेय ह्या नद्यांनी काठची गावे पाण्याखाली घातली. माणसे जनावरांसह उंचवट्यावर येऊन राहिली. अशा वेळी खरा इशारा दहा खोट्या इशाऱ्यांत हरवला, तर त्याची किंमत संदेश पुढे ढकलणाऱ्याने नव्हे, तर नदीकाठी राहणाऱ्याने मोजावी लागते. एक खूण मात्र सर्वांनी मनाशी बाळगावी. एडवर्ड लॉरेन्झ ह्या शास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले, की वातावरणाच्या आजच्या स्थितीतील अगदी सूक्ष्म फरक पुढे वाढत जाऊन सर्व हिशेब उलटापालटा करतो. त्यामुळे दोन आठवड्यांपलीकडे अमुक दिवशी अमुक गावी पाऊस पडेल, असे सांगण्याचे सामर्थ्य कोणत्याही गणकयंत्रात नाही. संपूर्ण हंगामाचा साधारण कल सांगता येतो, तारीख सांगता येत नाही. तेव्हा महिनाभर आधी तारखेसह ढगफुटी सांगणारा संदेश कितीही विद्वत्तापूर्ण दिसो, तो तेथेच पुसून टाकावा.

शहरातल्या वाचकांस वाटेल, की हे सारे शेतकऱ्यांपुरते आहे. त्यांनी बळ्ळारी नाल्याकाठच्या शिवारात आषाढात एक फेरी मारावी. शहापूर, वडगाव, अनगोळ येथील भातशेती नाल्याच्या पाण्याने बुडते, रोप कुजते, आणि मग नुकसानभरपाईचे अर्ज, पाहणी, पंचनामा हे चक्र सुरू होते. शेतकरी म्हणतो, पाणी फार आले. कचेरी विचारते, किती पावसाने आले? नाल्यातील गाळ आणि अतिक्रमण ह्यांमुळे थोड्या पावसानेही शेत बुडते की खरोखरच अतिवृष्टी झाली, हा वादाचा मुद्दा असतो, आणि त्याचा निकाल आवाजाच्या चढउतारावर लागू नये, अशी आमची इच्छा आहे. नाल्याजवळच्या एखाद्या शाळेच्या वहीत दहा वर्षांच्या रोजच्या नोंदी असत्या, आणि शेजारी ‘आज शेतात पाणी शिरले’ एवढाच शेरा असता, तर ४० मिलिमीटरांस शेत बुडते की १२० मिलिमीटरांस, हे कोणासही बोटाने दाखविता आले असते.

नोंदींचे मोल असे उशिरा कळते. गिल्बर्ट वॉकर हा गणिती १९०४ साली भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला आणि १९२४ पर्यंत त्या पदावर होता. त्याने जगभरच्या वायुभाराच्या, तापमानाच्या आणि पावसाच्या जुन्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि प्रशांत महासागराच्या एका बाजूस वायुभार वाढला की दुसऱ्या बाजूस हिंदी महासागराकडे तो घटतो, हा झोका शोधून काढला. आज वर्तमानपत्रांत ‘एल निनो’ ह्या नावाने जे वाचावयास मिळते, त्याचे धागे त्या शोधाशी जुळतात. त्या नोंदी करणारे सहस्रावधी लोक कोण होते, ते कोणास ठाऊक नाही. त्यांच्यापैकी कोणास प्रशांत महासागराची कल्पनाही नसेल. पुढे हवामान खात्याच्या कामात केरळच्या अण्णा मणी ह्यांनी मापनयंत्रे देशातच आणि बिनचूक बनावीत म्हणून पुण्यात राहून जे परिश्रम केले, तेही आमच्या विज्ञानाच्या तासाला सांगितले पाहिजेत. आमच्या विद्यार्थिनींस शास्त्रज्ञ म्हणून परदेशची दोन नावे पाठ असतात, अण्णा मणींचे नसते.

आता साहित्याविषयी थोडेसे. पर्जन्यमापकास मोठा खर्च नाही. सरळ बाजूंचा डबा, म्हणजे वर-खाली सारख्याच रुंदीचा, उघड्यावर ठेवला आणि त्यात साठलेल्या पाण्याची खोली फूटपट्टीने मोजली तरी ती पावसाची उंचीच होय. बारीक पाऊस नीट मोजता यावा म्हणून नरसाळे रुंद आणि खालची बाटली अरुंद घेतात. नरसाळे २० सेंटिमीटर व्यासाचे आणि बाटली १० सेंटिमीटर व्यासाची असेल, तर बाटलीतील ४ मिलिमीटर पाणी म्हणजे पाऊस १ मिलिमीटर. हा चौपटीचा हिशेब क्षेत्रफळाच्या धड्यात शिकविता येतो, आणि मुले तो पुन्हा विसरत नाहीत. जागा निवडताना मात्र आळस करू नये. झाडाखाली किंवा पागोळीजवळ ठेवलेले मापक कधीच खरे बोलत नाही. भिंत जितकी उंच, तिच्या दुप्पट अंतरावर ते असावे. नोंद सकाळी साडेआठ वाजता घ्यावी, कारण देशभरच्या वेधशाळांचा पावसाचा दिवस साडेआठपासून साडेआठपर्यंतच असतो. पाऊस झाला नसेल त्या दिवशी रकाना कोरा सोडू नये, शून्य लिहावे. कोरा रकाना पाहून पाऊस नव्हता की मुलगा आला नव्हता, हे मागाहून कळत नाही. आणि घरी सांगावयाचा आकडा गुंठ्यात सांगावा. एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे १०१ लिटर पाणी. एका एकरावर चार हजार लिटरांहून अधिक. काल एकरावर लाखभर लिटर पाणी पडले, असे मुलाने सांगितले की आजोबा चष्मा पुसून वही मागतात.

अडचण एकच उरते, आणि तिच्यावर आम्हांस अद्याप समाधानकारक तोड सुचलेली नाही. आमच्याकडे वळवाचा पाऊस एप्रिल-मेमध्ये पडतो, आणि नेमकी तेव्हाच शाळेस उन्हाळ्याची सुटी असते. परतीचा पाऊस दसऱ्याच्या सुटीत येतो. म्हणजे वर्षातील सर्वांत लहरी पाऊस मोजावयास शाळेत कोणीच नसते. शाळेशेजारी राहणाऱ्या दोन विद्यार्थ्यांकडे सुटीपुरते मापक सोपवावे, की आवारात राहणाऱ्या शिपाईमामांस दोन आकडे लिहिण्याची विनंती करावी, की प्रत्येक गल्लीत एक याप्रमाणे घरोघरीच मापके द्यावीत, ह्यावर विज्ञान मंडळाच्या सभेत मतभेद आहेत. आमचा कौल दुसऱ्या उपायाकडे आहे, कारण मामा सुटीतही सकाळी साडेसहास अंगण झाडावयास येतातच. त्यांस साडेआठपर्यंत थांबावे लागेल, एवढ्यापुरता चहा मंडळाने करावा.